घरचा हिशेब घरभर

आमच्या घरी पगार महिन्यातून एकदा होतो, पण किती होणार ते महिना संपल्याशिवाय कळत नाही. नवरा नवी मुंबईत तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. गाड्या जास्त आल्या की टोळीला काम जास्त, आवक बसली की हात रिकामे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी बोर्डात भरतो, बोर्ड मजुरी कामगाराच्या खात्यात टाकतं, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा यांची सोय होते. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा करून घेतला, म्हणून पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाच्या घरात आज पासबुक आहे. सासरे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला आले, मस्जिद बंदरला हमाली केली आणि बाजार इकडे हलला तसे तुर्भ्याला आले. मी एमआयडीसीत एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते. माझा पगार ठरलेला आहे, पण लहान आहे. घरात सासूबाई आहेत, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, दहावीतली मुलगी आहे आणि सहावीतला मुलगा.

आमच्यासारखी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. कमाई कमी म्हणून घर अडचणीत आल्याचं मी पाहिलं, पण त्याहून जास्त वेळा अडचण आली ती घरातलं सगळं एकट्यालाच माहीत होतं म्हणून. पुढचं सगळं मी त्याच काळजीपोटी लिहिते आहे.

१. सगळ्यात कमी पगाराचा महिना हाच आपला पगार धरावा.

पावसात घाटात गाड्या अडकतात, सणाला मार्केट बंद असतं, वाहतूकदारांचा संप झाला की आख्खा आठवडा जातो. म्हणून आम्ही वर्षभराचं पासबुक पुढ्यात घेतो आणि सगळ्यात कमी पैसे आले तो महिना शोधतो. भाडं, किराणा, गॅस, लाइट बिल, क्लासची फी, हे सगळं त्या आकड्यात बसलंच पाहिजे. त्याच्या वर जे येईल ते पगार म्हणून मोजायचं नाही. ते साठवणीच्या वेगळ्या खात्यात जातं आणि जूनमधली वह्या-पुस्तकं, गणेशोत्सव, गावची यात्रा यांना तिथून पैसा मिळतो.

हा आकडा मुलांनाही माहीत आहे. सहावीतल्या मुलाला कशाला सांगायचं, असं आत्यांना वाटायचं. पण घरात काय आहे ते कळलं की मूल हट्ट सोडत नसलं तरी वेळ बघून हट्ट करतं, आणि एवढंही पुष्कळ आहे.

२. पगाराचं खातं वेगळं, फोनला जोडलेलं खातं वेगळं.

यूपीआय २०१६ साली आलं. आता मार्केटात चहाच्या टपरीवरही कोड चिकटवलेला असतो आणि पैसे पडले की खोकं ओरडून सांगतं. सोय मोठी आहे, पण शंभराची नोट मोडताना मन जसं कचरतं तसं बोटाने दहा रुपये देताना कचरत नाही. चहा, वडापाव, नाक्यापासून शेअर रिक्षा, पुन्हा चहा. महिनाअखेरीला पासबुक छापून आणलं तर दहा-वीसच्या ओळींनी पानं भरलेली, आणि त्यात शाळेची फी कुठे गेली ते सापडत नाही.

आम्ही पगाराच्या खात्याला फोन जोडलेलाच नाही. दर सोमवारी आठवड्याच्या खर्चाचे पैसे दुसऱ्या खात्यात टाकायचे, आणि फोन फक्त त्या खात्याला. किरकोळ देण्याघेण्याला यूपीआय लाइट ठेवलं आहे. त्यात एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात आणि एकूण पाच हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत फोन गेला तरी त्या आठवड्याचे पैसे जातील, घर जाणार नाही. फोन गेलाच तर बँकेला कळवणं, सिम बंद करणं आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून हँडसेट बंद पाडणं, ही कामं लागतात. हँडसेट बंद पाडायला आयएमइआय नंबर लागतो. *#०६# दाबलं की तो दिसतो. प्रत्येकाचा आधीच लिहून ठेवावा, फोन गेल्यावर तो कुठून बघणार?

३. बाजाराजवळ राहतो म्हणून स्वस्त मिळत नाही. चार घरं एकत्र आली तर मिळतं.

अर्धा किलोच्या गिऱ्हाइकाला घाऊक भाव कोणी देत नाही, मग घर मार्केटच्या भिंतीला लागून का असेना. आम्ही शेजारच्या चार घरांत पन्नास किलोची एक गोणी घेतो. घ्यायची ती उन्हाळी कांद्याची, एप्रिल-मेमध्ये. लाल कांदा पाण्याचा असतो, टिकत नाही. पिशवीत हात घालून कांद्याची मान चिमटीत धरून बघायची. मान बारीक आणि कडक सुकलेली असेल तर तो कांदा दिवाळीच्या आसपासपर्यंत साथ देतो. मान जाड आणि मऊ लागली तर वरून कितीही चकचकीत असू दे, आतून तो महिनाभरात सडणार. घरी आणल्यावर बारदान पसरून कॉटखाली एकेरी थर लावायचा, वारा लागू द्यायचा, बटाटा त्याच्या शेजारी ठेवायचा नाही आणि आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले आधी वापरायचे. हे मला नवऱ्याने शिकवलं. ज्याने जन्मभर गोण्या वाहिल्या त्याला गोणीच्या वजनावरून, वासावरून माल कळतो. हे त्याचं शिक्षणच आहे, पण त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही याचं मला वाईट वाटतं.

तसंच मसाल्याचं. मार्चमध्ये बेडगी, लवंगी, धणे, खडा मसाला एकत्र आणायचा, गच्चीवर वाळवायचा, डंकावर कांडून आणायचा. चार घरांत वाटला की वर्षभराची पाकिटं वाचतात. पैसे एकीने भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच दिवशी तिला पाठवायचे. उधारी राहिली की पुढच्या वर्षी गोणी येत नाही.

४. रिचार्जचा हिशेब वर्षाचा करावा.

अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. घरात चार फोन असतील तर चार रिचार्ज जास्तीचे. २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे प्लॅन ठेवायला लावले, पण ते यादीत खाली असतात, शोधावे लागतात. आत्यांचा फोन बटणांचा. त्यांना इंटरनेट नकोच, तरी त्याचे पैसे जात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन द्यायला लावले, तेव्हापासून त्यांच्या फोनला तेवढंच भरतो. लाइट बिलाचंही असंच एक सांगते. महावितरणचं छापील बिल बंद करून ईमेल आणि एसएमएसवर घेतलं की बिलात सूट मिळते. रक्कम लहान आहे, पण एकदा नोंद केली की मिळते.

५. गावचं घर हेही घरच आहे, त्याचा आकडा लपवू नये.

तुर्भ्यात राहणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसाची एका पगारात दोन घरं असतात. गावाकडं कौलं बदलायची असतात, सोसायटीचं कर्ज असतं, चैत्रात यात्रेची वर्गणी, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. नवरा गुपचूप पैसे पाठवतो आणि बायकोला ते यात्रेत जावेच्या तोंडून कळतं, यावरून किती घरांत अबोला होतो ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे तिन्ही भावांचा आणि तिन्ही जावांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. गावच्या घरावर रुपया खर्च झाला की पावतीचा फोटो तिथं पडतो. थोरले दीर आधी नाराज होते. भावाभावांत कसला हिशेब, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "दादा, हिशेब तुमच्यावर संशय म्हणून नाही. उद्या आमची पोरं एकमेकांशी बोलती राहावीत म्हणून आहे." आता सगळ्यात आधी फोटो त्यांचाच येतो.

६. आधारला जोडलेला नंबर ज्याचा त्याच्याच खिशात असावा.

पोती उचलून उचलून हमालांच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या मशीनवर नवऱ्याचा अंगठा चार-चार वेळा लागत नाही. आत्यांचंही तसंच, जन्मभर शेतात आणि चुलीपाशी राबलेले हात. अशा माणसांना ओटीपीचा आधार असतो, आणि ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या किंवा दुकानदाराच्या नंबरवर जात असेल तर सगळंच अडतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीत हे फार जाणवलं. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरवर दुसरा. बायका मोबाइल हातात धरून बसलेल्या आणि नवरे मार्केटात, फोन कपड्यांच्या पिशवीत. काहींचा नंबर तर लग्नाआधीचा, माहेरच्या भावाकडे असलेला. महिन्याचे दीड हजार ज्या घरात किराण्याचे असतात तिथं ही लहान गोष्ट राहत नाही. नंबर बदलणं अवघड नसतं. आधार केंद्रावर होतं, आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही करून देतो. फक्त गरज पडायच्या आधी करावं. अशा योजनांचा फॉर्म कुणी लिंक पाठवली म्हणून तिथं भरू नये. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता मुलीकडून टाइप करून घ्यावा.

७. घाबरवणारा मेसेज आला की फोन खाली ठेवावा आणि घरात मोठ्याने सांगावं.

आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. गाडीचं चलान आहे, ही फाइल उघडा. पोलीस बोलतोय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाला सांगू नका. या सगळ्यांत शेवटचं वाक्य महत्त्वाचं असतं: कुणाला सांगू नका. फसवणारा माणूस आधी आपल्याला घरच्यांपासून तोडतो. म्हणून आमच्या घरी नियम आहे, की असा फोन आला तर तो घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकवल्याशिवाय काही करायचं नाही. महावितरणचा मेसेज कुणाच्या वैयक्तिक मोबाइल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात एमएसइडीसीएल असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. डिजिटल अरेस्ट नावाची अटक कुठल्याही कायद्यात नाही.

आणि पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन. रात्र असो, लाज वाटो, नवरा रागावो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात. पैसे गमावलेल्या माणसाला त्या घटकेला ओरडू नये. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि मग १९३० चाही उपयोग राहत नाही.

८. परतावा मोठा सांगितला की तो वर्षाचा करून बघावा.

जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांना टाळं लागलं. दादरला मोठं दुकान होतं, नवी मुंबईतही शाखा होती. मॉइसनाइटचे खडे घ्या आणि दर आठवड्याला ठरलेले टक्के घरी न्या, अशी योजना. हजारो घरांनी दागिने मोडून पैसे घातले होते, आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो एका भाजीविक्रेत्याच्या तक्रारीवरून. आठवड्याला सहा टक्के धरले तरी वर्षाला तीनशे टक्क्यांच्या वर जातात. नवऱ्याने तेव्हा एक साधी गोष्ट सांगितली. मार्केटात पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारे व्यापारी आहेत, त्यातल्या कुणाला वर्षभर सलग एवढा नफा झालेला त्याने पाहिलेला नाही. मग खडे विकणारा तो कुठून देणार?

मी भिशी खेळते. पण त्यात मला प्रत्येकीचं घर माहीत आहे, तिचा नवरा कुठे कामाला आहे तेही माहीत आहे, आणि रक्कम बुडाली तरी घर बुडणार नाही एवढीच ठेवलेली आहे. बाकी पैसा बँकेत आणि पोस्टात. बँक अडचणीत आली तर दर खातेदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण २०२० पासून आहे. तरी सगळा पैसा एकाच बँकेत ठेवत नाही. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला लोकांना स्वतःच्या खात्यातले हजार रुपयेच काढता येत होते. पुढे मिळणारे पैसे आज दवाखान्यात भरता येत नाहीत.

९. मुलांचा फोन रात्री आत्यांच्या उशापाशी.

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोठ्यांचे फोनही तिथंच ठेवले तेव्हा मुलांची कुरकुर थांबली.

१०. एक वही, आणि ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत.

नवऱ्याच्या टोळीतला एक गडी दोन वर्षांमागे झोपेतच गेला. चाळिशीतला माणूस. दिवस झाल्यावर मी त्याच्या बायकोकडे गेले तेव्हा तिच्यापुढे एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्यात कागदच कागद. तिला त्यातलं एकही माहीत नव्हतं. सगळं तोच बघायचा. तो चांगला नवरा होता, बायकोला त्रास नको म्हणून एकटाच सगळं वाहायचा. त्या मायेनेच ती आता उघड्यावर पडली होती.

आम्ही दोघींनी पासबुक ओळीओळीने वाचलं. मेअखेरीला ४३६ रुपये कापलेले दिसले, आणि त्याच्याच खाली २० रुपये. तिला वाटलं बँकेचा कसला तरी दंड असेल. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, माणूस कशानेही गेला तरी घरच्यांना दोन लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, तो अपघाताचा. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असणार. आम्ही मृत्यूचा दाखला, तिचं आधार, पासबुक घेऊन बँकेत अर्ज केला. हा दावा शक्यतो तीस दिवसांच्या आत करायचा असतो. आमची वेळ जेमतेम साधली. पैसे आले. बोर्डातले फंड आणि ग्रॅच्युइटीचे कागद वेगळे, ते टोळीच्या मुकादमाने पुढे होऊन करून दिले.

त्या आठवड्यात आमच्या घरात वही आली. दोनशे पानी, साधी. त्यात बँकांची नावं आणि खाते क्रमांक, बोर्डाचा नोंदणी क्रमांक, विम्याच्या पॉलिसी, पोस्टातलं खातं, गॅसचा ग्राहक क्रमांक, लाइट मीटरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, भिशीत कुणाकडे किती, गावच्या सोसायटीचं किती देणं, आम्ही कुणाला दिलेले हातउसने आणि कुणाकडून घेतलेले. पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत. प्रत्येक खात्यासमोर नॉमिनीचं नाव लिहिलेलं आहे, आणि लिहिताना कळलं की नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या खात्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, जे आता नाहीत. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांत हे फार घरांत असतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नोंदवता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आम्ही माझं आणि मुलांचं लावलं.

वहीत शेवटी एक ओळ मुलीने घातली आहे: कुणी गेलं तर त्याचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. नव्वद दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते, आणि विम्याचे, बँकेचे मेसेज सगळे त्याच नंबरवर येत असतात. कामं होईपर्यंत त्यात लहानसं रिचार्ज टाकत राहायचं. नवऱ्याने ती ओळ वाचली, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बरोबर लिहिलंय.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वही बाहेर निघते. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, आणि ३१ मेच्या आत खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही. दोघांचे मिळून ९१२ रुपये लागतात. मुलगी पासबुक छापून आणते, आत्या बाजूला बसून कुणाचं काय ते विचारून घेतात, आणि जे बदललं असेल ते त्याच बैठकीत खोडून नवं लिहिलं जातं.